‘अब्बा, तुम्ही बसा’ म्हणण्याआधी

घरातल्या बुजुर्गाला कॅन्सर झाल्याचे कळले की आपल्या घरांत दोन गोष्टी लगेच घडतात. पहिली म्हणजे आजाराचे नाव घेणे बंद होते. ‘लघवीचा जरा त्रास आहे’ एवढेच पाहुण्यांना सांगितले जाते. दुसरी म्हणजे सगळे घर त्यांच्या खिदमतीला लागते. पाण्याचा पेला हातात दिला जातो, ताट खाटेवर येते, चपला कुणीतरी उचलून आणते, बाजाराची पिशवी नातवाच्या हाती जाते. ‘अब्बा, तुम्ही बसा’ हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकू येते. त्यात माया आहे, अदब आहे. पण प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये हेच वाक्य पाच-सहा महिन्यांत अब्बांना खरोखरच बसवून टाकते.

हा आजार इतर अनेक कॅन्सरपेक्षा बहुतेक वेळा हळू चालतो. वेळेवर उपचार मिळाले तर पुष्कळ माणसे त्याच्यासोबत अनेक वर्षे जगतात. म्हणून ‘अजून किती वर्षे?’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न असतो: ती वर्षे कशी जाणार? आपल्या हाताने आंघोळ करून, आपल्या पायाने मशिदीत जाऊन, की प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याला हाक मारून? डॉक्टर याला दैनंदिन कामांतले स्वावलंबन म्हणतात. ते टिकवण्याचे निम्मे काम दवाखान्यात होते, उरलेले निम्मे घरात. वर्धा जिल्ह्यातली घरे समोर ठेवून त्या घरातल्या निम्म्या कामाबद्दल येथे लिहीत आहे.

आजार थोडक्यात

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्यातून जाते. वय वाढले की ती बहुतेकांची थोडीफार वाढते. त्यामुळे रात्री अनेकदा उठावे लागते, धार बारीक होते, लघवी अडखळते. ही वाढ बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सरची नसते. मात्र कॅन्सरमध्येही अशीच लक्षणे दिसू शकतात, आणि सुरुवातीला तर काहीच लक्षण नसते. म्हणून ‘म्हातारपणाचे आहे’ असे घरातच ठरवून टाकू नये. डॉक्टर बोटाने तपासतात, पीएसए नावाची रक्ताची तपासणी करतात आणि गरज वाटली तर ग्रंथीचा छोटा तुकडा काढून तपासतात. लघवीतून रक्त येणे, कंबर किंवा मांडीचे हाड सतत दुखणे, ही लक्षणे असतील तर उशीर करू नये.

जगभर २०२२ या एका वर्षात प्रोस्टेट कॅन्सरचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये असा अंदाज मांडला, की २०४० पर्यंत दरवर्षीच्या नव्या रुग्णांची संख्या सुमारे २९ लाखांवर जाईल. याचे मोठे कारण म्हणजे माणसे आता जास्त वर्षे जगत आहेत. आपल्या मोहल्ल्यातही सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले बुजुर्ग आता पूर्वीपेक्षा अधिक दिसतात. म्हणजे हा प्रश्न आज शेजारच्या घरात असेल तर उद्या आपल्या घरात असू शकतो.

सहा कामांची मोजपट्टी

माणूस किती स्वावलंबी आहे हे मोजायचे कसे? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातले डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी कंबरेचे हाड मोडलेल्या व इतर दीर्घ आजार असलेल्या वृद्धांचे निरीक्षण करून १९६३ मध्ये एक साधी मोजपट्टी मांडली. तिच्यात सहाच कामे आहेत: आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाऊन स्वच्छ होणे, खाटेवरून किंवा खुर्चीवरून उठणे-बसणे, लघवी-शौचावर ताबा, आणि आपल्या हाताने जेवणे.

कॅट्झ यांच्या लक्षात आलेली एक गोष्ट फार विचार करायला लावणारी आहे. आजारातून सावरणारा वृद्ध ही कामे साधारण एका क्रमाने परत मिळवतो. आधी जेवणे आणि लघवी-शौचावरचा ताबा, मग उठणे-बसणे व शौचाला जाणे, आणि शेवटी कपडे व आंघोळ. लहान मूलही साधारण याच क्रमाने वाढते. जाताना मात्र बहुधा उलटा क्रम असतो. आंघोळ सर्वांत आधी जाते. म्हणून अब्बा दोन-तीन दिवस आंघोळीची टाळाटाळ करू लागले तर तो आळस समजू नये. आत काहीतरी ढासळायला सुरुवात झाल्याची ती पहिली खूण असू शकते.

१९६५ मध्ये आलेली बार्थेल मोजपट्टी दहा कामांना मिळून १०० गुण देते आणि त्यात चालणे व जिने चढणेही धरते. फिजिओथेरपिस्ट आजही ती वापरतात. पण या मोजपट्ट्या खुर्ची आणि कमोड असलेल्या घरांत तयार झाल्या. आपल्याकडे जमिनीवर दस्तरखान पसरला जातो, खेड्यात उकिडवे बसण्याचा संडास असतो, वुजूसाठी वाकून पाय धुवावे लागतात. आपल्या बुजुर्गांसाठी स्वावलंबन म्हणजे हे सगळे आलेच. शिवाय शेतात जाऊन कपाशी पाहून येणे, बँकेचे पासबुक स्वतः भरून आणणे, जुम्याला वेळेवर पहिल्या सफेत बसणे, जमले तर गिरडची टेकडी चढणे, हेही आले.

आणि एक मोजपट्टी तर आपल्या घरात दिवसातून पाच वेळा आपोआप चालते. नमाजेत कियाम म्हणजे तोल सांभाळून उभे राहणे, रुकू म्हणजे कमरेतून वाकणे, सजदा म्हणजे जमिनीपर्यंत जाणे आणि तिथून परत उठणे. पायांची ताकद, तोल, सांध्यांची लवचिकता या सगळ्यांचा त्यात कस लागतो. कालपर्यंत हाताचा टेकू न घेता सजद्यातून उठणारे अब्बा आज दोन्ही हात जमिनीवर रेटून उठतात काय? दुसऱ्या रकातीसाठी उठताना भिंत धरतात काय? घरच्यांनी हे शांतपणे टिपावे, बोलून दाखवू नये, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावे. ‘अशक्तपणा वाटतो’ या एका वाक्यापेक्षा अशी माहिती डॉक्टरांच्या कितीतरी अधिक उपयोगी पडते.

ताकद कुठून गळते?

प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णाचे स्वावलंबन चार वाटांनी जाते. वाट कोणती हे कळले तर ती अडवता येते.

पहिली वाट लघवीची. आजारामुळे किंवा ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा कमी होतो, कधी नळी घालावी लागते. कपडे खराब होतील या धास्तीने माणूस आधी लग्नकार्य सोडतो, मग मशीद सोडतो, मग ओट्यावर बसणेही सोडतो.

दुसरी वाट हाडांची. हा कॅन्सर पसरला तर बहुतेक वेळा हाडांत जातो: मणके, कंबर, मांडी. हाड दुखते म्हणून चालणे कमी होते, आणि चालणे कमी झाले की हाड आणखी ठिसूळ होते.

तिसरी वाट उपचाराची. पुरुषी हार्मोन कमी केले की हा आजार आटोक्यात येतो, हे शिकागोचे डॉक्टर चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजही पसरलेल्या आजाराचा मुख्य उपचार हाच आहे, इंजेक्शनने किंवा अंडकोष काढण्याच्या छोट्या ऑपरेशनने. या उपचाराने आयुष्य वाढते, दुखणे कमी होते. पण हार्मोन कमी झाल्यामुळे स्नायू बारीक होतात, पोट सुटते, हाडे विरळ होतात, अंगातून एकदम गरम वाफा निघाल्यासारखे होते, थकवा येतो, मन उदास होते. घरच्यांना वाटते की अब्बा आजाराने खचले. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग औषधाचा परिणाम असतो आणि त्यावर उपाय असतात. मात्र म्हणून औषध मध्येच बंद करू नये.

चौथी वाट आपण स्वतः तयार करतो. ती म्हणजे सक्तीचा आराम. अमेरिकेत निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस झडले होते. त्या लोकांना कुठलाही आजार नव्हता. मग हार्मोनचे औषध चालू असलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला महिनाभर खाटेवर बसवून ठेवले तर त्याच्या पायांचे काय होईल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

शरमेची भिंत

आता जरा नाजूक, पण अत्यंत गरजेची गोष्ट. आपल्या घरांत सासरा आणि सून यांच्यात एक लिहाज असतो. तो चांगलाच आहे. पण मुलगा कामासाठी नागपूरला किंवा पुण्याला, कुणाचा आखातात, अम्मीचे स्वतःचे गुडघे गेलेले, आणि दिवसभर घरात फक्त सून. अशा घरात अब्बांनी धोतर किंवा तहमद खराब झाल्याचे कुणाला सांगायचे? संडासातून उठता आले नाही तर हाक कुणाला मारायची? बहुतेक बुजुर्ग यावर एकच उपाय शोधतात. ते पाणी पिणे कमी करतात.

हा उपाय फार महाग पडतो. पाणी कमी झाले की लघवी घट्ट होते, जळजळ वाढते, जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठता होते, चक्कर येऊन पडण्याची भीती वाढते. आपल्या वर्ध्याचा उन्हाळा तर पारा ४५ अंशांच्या पलीकडे नेणारा. डॉक्टरांनी हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या कारणाने पाणी मोजून सांगितले नसेल, तर दिवसा भरपूर पाणी द्यावे आणि झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत थोडे कमी करावे. चहा कमी केला तर लघवीची घाईही कमी होते.

ही भिंत पाडण्याची जबाबदारी मुलांनी घ्यावी. अब्बांच्या शारीरिक स्वच्छतेचे काम मुलगा, नातू, पुतण्या, भाऊ यांच्यात वाटून घ्यावे. गावात नसलेल्या मुलाने नुसते पैसे पाठवून मोकळे होऊ नये. सुट्टीत आल्यावर डॉक्टरांकडून नळीची निगा शिकून घ्यावी आणि घरातल्या दुसऱ्या एखाद्या पुरुषाला शिकवावी. आईवडील म्हातारे झाल्यावर त्यांना ‘उफ्’ही म्हणू नये, त्यांच्यापुढे नरमाईने झुकावे, असा कुरआनचा आदेश आपल्याला पाठ आहे. नरमाईमध्ये त्यांची शरम राखणेही येते. आणि शरम राखण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्यांना ते काम स्वतः करता येईल अशी सोय करणे.

नमाज सुटू नये

लघवी थेंबथेंब गळत असलेल्या माणसाला सर्वांत मोठे दुःख कशाचे होते? कित्येकदा ते कॅन्सरचे नसते. ‘माझी तहारत राहत नाही, आता माझी नमाज कशी होणार?’ हे ते दुःख असते. ते डॉक्टरांना सांगितले जात नाही आणि आलिमांना विचारायला लाज वाटते. मग नमाज हळूहळू सुटते आणि तिच्यासोबत माणसाचा दिवसही विस्कटतो.

शरीअतने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिलेले आहे. ज्याची लघवी सतत गळते, एका नमाजेच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही सवड मिळत नाही, तो फिकहमध्ये माजूर म्हणजे सवलतीला पात्र मानला जातो. हनफी मतानुसार त्याने प्रत्येक नमाजेची वेळ सुरू झाल्यावर वुजू करावी. ती वेळ संपेपर्यंत लघवी गळाल्याने ती वुजू तुटत नाही, आणि त्या वेळेत तो फर्ज, सुन्नत, नफ्ल सर्व पढू शकतो. कोकणातले आपले बहुतेक बांधव शाफई आहेत. त्यांच्याकडे प्रत्येक फर्ज नमाजेसाठी वेळ झाल्यावर वेगळी वुजू करायची असते. आपल्या स्थितीला कोणता नियम लागू होतो, नळी आणि पिशवी असताना काय करायचे, हे आपल्या भागातल्या जाणत्या आलिमांना एकदा स्पष्ट विचारून घ्यावे. मुलाने वडिलांच्या वतीने विचारले तरी चालते. शरम वाटायचे कारण नाही.

उभे राहण्याबाबतही हीच सहजता आहे. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजेविषयी विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उभे राहून पढण्यास सांगितले, ते जमत नसेल तर बसून, आणि तेही जमत नसेल तर कुशीवर पडून. सहीह बुखारीत ही हदीस आहे. तिचा क्रम पाहा. जेवढे जमते तेवढे स्वतः करायचे आणि जे जमत नाही तेवढ्यापुरतीच सवलत घ्यायची. कियाम जमतो पण सजदा जमत नाही, असा माणूस पहिल्याच दिवशी सगळी नमाज खुर्चीवर नेतो, तेव्हा पायांची रोजची हालचालही तो गमावतो. कुठे खुर्ची घ्यायची हे आलिम आणि डॉक्टर दोघांना विचारून ठरवावे. मणक्यात आजार पसरला असेल तर वाकणे सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न मात्र डॉक्टरांचा आहे. डॉक्टरांनी नाही म्हटले तर सजद्याचा हट्ट धरू नये. इशाऱ्याने केलेला सजदा अशा माणसाकडून कबूल होतो.

मशिदींच्या व्यवस्थापनानेही थोडे लक्ष द्यावे. वुजूखान्यात बसायला एक उंच बाकडे, आधारासाठी भिंतीला दांडी, एक कमोडचा संडास आणि पायऱ्यांना कठडा. एवढ्याने मोहल्ल्यातले कितीतरी बुजुर्ग परत सफेत येतील.

शरीराला काम हवे

कॅन्सरच्या रुग्णाने व्यायाम करावा, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. कॅनडामध्ये हार्मोनचा उपचार चालू असलेल्या १५५ पुरुषांवर झालेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाने बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा वजनाचे व्यायाम केले. त्यांचा थकवा व्यायाम न केलेल्यांपेक्षा कमी राहिला आणि स्नायूंची ताकद वाढली. आराम करून न गेलेला थकवा हालचालीने कमी झाला.

आपल्या घरी यासाठी यंत्रे नकोत. फजरनंतर उन्हे चढण्याआधी दहा मिनिटे चालणे, आणि दर आठवड्याला त्यात थोडी भर. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठणे-बसणे. ओटा किंवा खिडकीचा गज धरून टाचा उचलणे. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन कोपरातून हात वर-खाली करणे. सोबत आहारात डाळ, अंडी, दूध, मासळी, झेपेल तसे मटण-चिकन असावे, कारण मांस धरायला प्रथिने लागतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून घ्यावे. बिडी आणि खर्रा सोडावा.

प्रोस्टेट काढण्याच्या ऑपरेशननंतर नळी निघाली की ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करता येतो. लघवी किंवा गॅस रोखून धरताना जो स्नायू आवळतो तोच पाच सेकंद आवळायचा आणि सोडायचा, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. खाटेवर पडून, बसून, कसाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावा, कारण अनेकजण चुकून पोट किंवा मांड्या आवळतात. परिणाम दिसायला आठवडे नाही, काही महिने लागतात. धीर सोडू नये.

एक इशारा महत्त्वाचा. आजार हाडांत गेला असेल तर कुठलाही व्यायाम स्वतःच्या मनाने करू नये. जड उचलणे, झटक्याने वळणे, खोल वाकणे यामुळे हाड मोडू शकते. अशा वेळी कोणती हालचाल सुरक्षित, हे फिजिओथेरपिस्टच ठरवतील. हाडाचे दुखणे सोसत बसण्यातही सबर नाही. दुखणे आटोक्यात आल्याशिवाय माणूस चालणार नाही. त्यासाठी गोळ्या आहेत, दुखऱ्या जागी रेडिएशन आहे, आणि तीव्र दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिनही आहे. २०१४ मध्ये कायद्यात बदल होऊन रुग्णांसाठी मॉर्फिन मिळणे सोपे करण्यात आले आहे. व्यसन लागेल या भीतीने ते नाकारू नये.

पायांची स्थिती घरीच पाहायची असेल तर एक सोपी तपासणी आहे. खुर्चीपासून तीन मीटरवर खूण करावी. अब्बांनी खुर्चीवरून उठून नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जावे, वळून परत येऊन बसावे. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजावे आणि डॉक्टरांना सांगावे. तपासणीच्या वेळी कुणीतरी शेजारी उभे राहावे.

घर थोडे बदला

वृद्ध माणूस घरात अनेकदा रात्री, संडासाच्या वाटेवर पडतो. खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर छोटा दिवा असू द्यावा. वाटेतली पायपुसणी, वायर, बादल्या हलवाव्यात. तहमद घोट्याच्या वर बांधावी, म्हणजे पायात अडकत नाही. संडासाच्या भिंतीला लोखंडी दांडी बसवावी. उकिडवे बसणे जमत नसेल तर भोक असलेली कमोड खुर्ची बाजारात मिळते, तीच संडासावर ठेवता येते. न्हाणीत पाय न हलणारे स्टूल आणि हाताशी मग. खाट फार खोल असेल तर पायांखाली विटा ठेवून गुडघ्याच्या उंचीवर आणावी, मात्र ती हलत नाही ना हे पाहावे. कुर्त्याला पुढून बटणे, पायजम्याला नाड्याऐवजी इलॅस्टिक. या साध्या बदलांनी आंघोळ आणि कपडे ही दोन कामे अब्बांच्या हाती परत येऊ शकतात.

नळी असेल तर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकवावी. पिशवी रिकामी करण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. काही तास पिशवीत लघवीच आली नाही, ताप आला, किंवा लघवीत रक्ताच्या गाठी दिसल्या तर दवाखाना गाठावा.

आणि बोलण्याची पद्धतही बदलावी. ‘राहू द्या अब्बा, मी घालून देतो’ याऐवजी ‘तुम्ही घाला अब्बा, मी जवळ उभा आहे’. ‘पाठ मी चोळतो, बाकी तुमचे तुम्ही’. कुर्ता घालायला त्यांना दहा मिनिटे लागत असतील तर दहा मिनिटे लागू द्यावीत. घाई आपल्याला असते, त्यांना नाही. घरातले एखादे काम त्यांच्याच नावावर ठेवावे: भाजी निवडणे, नातवंडांचा सबक ऐकणे, विजेचे बिल भरणे, दूधवाल्याचा हिशेब. माणसाला उठायला कारण लागते.

या गोष्टीला त्याच दिवशी दवाखाना

पाठीचे दुखणे अचानक वाढले, आडवे पडल्यावर किंवा खोकल्यावर जास्त झाले, पाय जड किंवा बधिर वाटू लागले, चालताना पाय दुमडू लागले, लघवी एकदम अडली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर मणक्यातल्या गाठीचा दाब मज्जारज्जूवर येत असण्याची शक्यता असते. ही तातडीची अवस्था आहे. माणूस चालता असतानाच उपचार सुरू झाले तर तो बहुधा चालता राहतो. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणे अवघड असते. म्हणून ‘सकाळी बघू’, ‘आधी मालिश करून पाहू’ असे म्हणू नये. अशा पाठीला मालिश करणाऱ्याच्या हाती तर मुळीच देऊ नये.

वर्ध्यात मदत कुठे?

या बाबतीत वर्धा जिल्हा नशीबवान आहे. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचे कस्तुरबा रुग्णालय आहे. गांधीजींच्या सहकारी डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये खेड्यातल्या लोकांसाठी हे महाविद्यालय उभे केले. सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय व सिद्धार्थ गुप्ता स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे, आणि तिथेच रवी नायर फिजिओथेरपी महाविद्यालयही आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे. हिंगणघाट, आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडच्या घरांनी कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटायला जाताना ‘फिजिओथेरपिस्टलाही भेटायचे आहे’ असे आधीच सांगावे. एकाच फेरीत दोन्ही कामे होतात. बहुतेक रुग्ण हे मागत नाहीत, म्हणून त्यांना ते मिळत नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. काठी, वॉकर, कमोड खुर्ची यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना एकदा ३ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, आणि रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला व त्याच्या सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. आधार कार्डावरची जन्मतारीख आधीच तपासून घ्यावी. अनेक बुजुर्गांचे काम तिथेच अडते.

अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओझे टाकत नाही, हा आपला विश्वास आहे. आजारी बुजुर्गाजवळ जी थोडी ताकद उरलेली असते ती त्याची अमानत आहे, आणि मायेच्या नावाखाली ती काढून घेण्याचा हक्क आपल्याला नाही. या आठवड्यात एवढेच करून पाहा. अब्बांसाठी आपण दिवसभरात कोणकोणती कामे करतो त्यांची यादी करा. त्यातली जी कामे ते अजूनही करू शकतात, त्यातले एक काम, बसायला स्टूल आणि धरायला दांडी देऊन, त्यांना परत करा. पुढच्या आठवड्यात दुसरे.